पहिला कॅमेरा घेताना बॉडीआधी तिचं तोंड बघा

पालख्या पुण्यातला मुक्काम हलवून पुढे गेल्या की माझा फोन वाजायला लागतो. नाना पेठेत आणि भवानी पेठेत रात्री उशिरापर्यंत फिरलेल्या पोरांनी मोबाइलवर शेकड्यांनी फोटो काढलेले असतात. दिवसाचे बरे येतात. दिवे लागल्यानंतरचे बहुतेक हललेले. मग कुणाला तरी वाटतं की आता 'खरा' कॅमेरा घ्यायला हवा.

यंदाचा फोन भाचीचा होता. "मावशी, गणपतीच्या आत हवाय. आमच्या पथकाचे फोटो मीच काढणार." तिने एक तक्ता करून पाठवला होता. अकरा बॉडी, चौदा रकाने. मेगापिक्सेल, सेकंदाला किती फोटो, व्हिडिओ कितीचा, वजन, ब्लूटूथ, सगळं होतं. लेन्सचा रकानाच नव्हता.

हा लेख त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे.

आधी बॉडी म्हणजे काय ते बघू

लेन्स बदलता येते अशा कॅमेऱ्याचे दोन भाग असतात. बॉडीत प्रकाश टिपणारी चिप असते, तिला सेन्सर म्हणतात. शिवाय उघडझाप करणारं शटर, हिशेब करणारा प्रोसेसर आणि बटणं. लेन्स म्हणजे प्रकाश गोळा करून त्या चिपवर नेऊन सोडणारी काचांची नळी. ही नळी बॉडीला जिथे फिरवून 'खट्' बसते, त्या धातूच्या कडीला माउंट म्हणतात. मी त्याला कॅमेऱ्याचं तोंड म्हणते.

प्रत्येक कंपनीचं तोंड वेगळं. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं, साध्या प्रेस्टिजचं बाहेरून. एकाचं झाकण दुसऱ्याला लावायला जाऊ नये हे स्वयंपाकघरात कुणाला सांगावं लागत नाही, पण कॅमेऱ्याच्या दुकानात माणसं ते विसरतात. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं, कॅननचं ईएफ १९८७ पासूनचं. १९८७ सालची कॅननची ईएफ लेन्स आजच्या कॅनन मिररलेसवर (म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) अडॅप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून चालते. त्या काळातली बॉडी मात्र रोलवर चालणारी होती, आता ती शोकेसमध्ये असेल. बॉडी पाच-सात वर्षांत मनातून उतरते, लेन्स राहतात. म्हणून पहिली बॉडी निवडताना तुम्ही खरं तर पुढच्या लेन्सचं घर निवडत असता.

परात, वाटी आणि आप्पेपात्र

अंगणात पावसात एक वाटी ठेवा आणि एक परात. दहा मिनिटांनी परातीत जास्त पाणी असेल, कारण तिचं तोंड मोठं. सेन्सरचं गणित इतकंच आहे, पावसाच्या जागी प्रकाश.

बाजारात प्रामुख्याने तीन मापं दिसतात. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या रोलच्या एका फ्रेमएवढा. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननचा किंचित लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. फोनमधला भला मोठा 'एक इंची' सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. त्याची कुठलीच बाजू एक इंच नसते. ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून आलं आणि जाहिरातवाल्यांना सोयीचं पडलं म्हणून टिकलं.

क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटर, एपीएस-सी सुमारे ३६७, फोनमधला तो थोरला ११६.

आता मेगापिक्सेल. त्यासाठी परात सोडून आप्पेपात्र घ्या. पात्र तेवढंच ठेवून खळगे सातऐवजी बारा केले तर प्रत्येक आप्पा लहान होणार, पीठ काही वाढत नाही. सेन्सरवरच्या एकेका खळग्याला पिक्सेल म्हणतात आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. २०० मेगापिक्सेलवाला फोन नेहमीच्या वापरात सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो देतो, ते याच कारणाने.

आणि लागतात तरी किती? लग्नाच्या अल्बमचं बारा बाय अठरा इंची पान उत्तम छापायचं तर दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३६०० गुणिले ५४००, साडेएकोणीस मेगापिक्सेल. फोर-के टीव्हीचा पडदा तर जेमतेम ८.३ मेगापिक्सेलचा. गेल्या दहा वर्षांतल्या साध्या एपीएस-सी बॉडीही बहुतेक २४ च्या असतात. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. तिथून निघालेली शर्यत नवशिक्याच्या गरजेपुरती केव्हाच संपली आहे. भाचीला सांगितलं, हा रकाना खोडून टाक.

"मग फुल फ्रेमच घेते ना, एकदाच काय ते"

हा प्रश्न येणारच होता. मोठी परात चांगली, हे मीच सांगितलेलं. शिवाय 'एकदाच काय ते घेऊन टाकू' हा आपल्याकडे फ्रिजपासून फ्लॅटपर्यंत सगळ्याला लागू पडणारा न्याय. इथे जरा थांबून हिशेब करावा लागतो, आणि या लेखात काही लक्षात ठेवायचं असेल तर हेच.

समजा विसर्जनाची मिरवणूक, लक्ष्मी रोड, संध्याकाळ उतरलेली. ढोल वाजवणाऱ्याचं टिपरू हवेत आहे. ते स्थिर टिपायचं तर शटर निदान १/२५० सेकंदाएवढं झटकन उघडून मिटायला हवं. त्याहून सावकाश झालं की टिपऱ्याचा पंखा होतो.

बॉडीबरोबर मिळते ती किट लेन्स, १८-५५ मिलिमीटरची. लेन्सच्या आत प्रकाश येण्याचं छिद्र असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात आणि ते एफ या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान, छिद्र तितकं मोठं. हे उलटं वाटतं, कारण तो अपूर्णांक आहे. पावशेर अदपावापेक्षा जास्त, तसाच एफ ४ हा एफ ८ पेक्षा मोठा. किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठं होत नाही.

त्या उजेडात, एपीएस-सी बॉडी आणि किट लेन्स घेऊन, समजा कॅमेरा म्हणतोय १/२५ सेकंद. टिपऱ्याचा पंखा नक्की. आता दोन वाटा आहेत.

पहिली वाट, बॉडी बदला. फुल फ्रेम घ्या, पण तिच्यावरही एफ ५.६ वालीच लेन्स. परात जवळजवळ २.४ पट मोठी झाली, तेव्हा फोटो आधीइतकाच स्वच्छ ठेवून शटर साधारण १/६० पर्यंत नेता येईल. पंखा जरा अरुंद झाला, गेला नाही.

दुसरी वाट, तीच एपीएस-सी बॉडी ठेवा आणि लेन्स बदला. एफ १.८ ची, झूम नसलेली साधी लेन्स. ५.६ ला १.८ ने भागून त्याचा वर्ग करा, उत्तर ९.७ येतं. जवळजवळ दहापट प्रकाश. १/२५ चं थेट १/२५०. टिपरू हवेत थांबलं.

एकीकडे अडीचपटीच्या आतला फायदा, दुसरीकडे दहापट. आणि अशी साधी एफ १.८ ची लेन्स बहुतेक कंपन्यांकडे फुल फ्रेम बॉडीच्या किमतीच्या एका तुकड्यात मिळते. म्हणूनच माझा हट्ट आहे की पहिल्या खरेदीत सगळे पैसे बॉडीत घालू नका. निम्म्यापेक्षा थोडे जास्त बॉडीला, उरलेले एका उजेडाच्या लेन्सला.

यात एक मेख आहे, ती लपवत नाही. छिद्र मोठं केलं की जेमतेम एका अंतरावरचं स्पष्ट येतं, पुढचं-मागचं धूसर होतं. एका ढोलवाल्याचा चेहरा सुरेख येईल, पण पथकाच्या पाच ओळी एकदम स्पष्ट हव्या असतील तर एफ १.८ कामाचं नाही. तिथे छिद्र लहान करावं लागतं, आणि मग जास्त उजेड लागतो. आणि पुढेमागे फुल फ्रेमवर एफ १.८ लावलात तर दोन्हीकडून फायदा होतो, हेही खरं. पण ते पुढेमागे.

पुण्याच्या गल्लीत ५० की ३५?

लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ. ती जास्त असली की दूरचं जवळ दिसतं आणि चौकट अरुंद होते. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स सगळे सुचवतात. पण एपीएस-सी लहान असल्यामुळे तो चित्राचा मधलाच भाग टिपतो आणि ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. तुळशीबागेत ती घेऊन उभं राहा, मागे सरायला जागा नसते आणि समोरच्या बाईच्या पिशवीशिवाय काही मावत नाही. गल्लीबोळ, मंडई, घरातला वाढदिवस यांसाठी ३५ मिलिमीटर बरी, ती सुमारे ५० सारखी वागते. चेहऱ्यांचे फोटो हवेत तर ५० घ्या.

पक्ष्यांचं मात्र उलटं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला नावेतून जाता तेव्हा ते अरुंद दिसणंच उपयोगी पडतं. ३०० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सीवर ४५० सारखी वागते, फुल फ्रेमवाल्याला तेवढ्यासाठी जास्त जड आणि महाग लेन्स लागते. पक्षी हीच तुमची ओढ असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागेल, पण तोही लेन्सपासूनच.

आरसा असलेला की नसलेला?

डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. समोरचं दृश्य त्यावरून वर उडून तुमच्या डोळ्यात येतं, बटण दाबलं की आरसा 'खटॅक' करून वर उचलतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश कायम सेन्सरवर पडत असतो आणि सेन्सरला दिसतं तेच तुम्ही छोट्या पडद्यावर बघता.

नवशिक्याला याचा फायदा आहे. डीएसएलआर म्हणजे आमटीचं मीठ पानात वाढल्यावर कळणं. मिररलेसमध्ये पळीवरच चाखता येतं, फोटो काळा येणार की पांढराफटक, ते बटण दाबण्याआधी दिसतं. नव्या मिररलेस बॉडी माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात, तेही सुखाचं आहे. तोटा बॅटरीचा. पडदा सतत चालू, त्यामुळे दिवसभर भटकायचं तर दुसरी बॅटरी हवीच. डीएसएलआर एका चार्जवर निवांत दिवस काढतो.

कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी नवी तोंडं आणली, आरएफ आणि झेड. पुढे लहान सेन्सरच्या बॉडीही त्यांच्यावरच आल्या आणि नव्या लेन्स आता तिथेच येतात. सोनीचं ई माउंट २०१० पासूनचं, फुजीचं एक्स २०१२ पासूनचं. म्हणजे नवं घ्यायचं तर मिररलेसच. पण नवे डीएसएलआर निघणं बंद होत चाललं म्हणून आहेत ते बिघडत नाहीत, उलट जुन्या बाजारात स्वस्त होतात. हात तंग असलेल्या विद्यार्थ्याला ही पर्वणीच समजा.

एक गोष्ट माहितीपत्रकात डोळ्यांत भरत नाही. निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, नाही. व्हिडिओ करणाऱ्यांना चालतं. दुपारी सिंहगडावर मागचा पडदा उन्हात दिसेनासा होतो, तेव्हा कळतं आपण काय सोडलं ते.

तोंड जुळूनही फसगत होते, ती अशी

निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये फोकसची मोटर बॉडीत नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. ५० मिलिमीटर एफ १.८ च्या दोन लेन्स मिळतात. नावाच्या शेवटी 'डी' असलेली स्वस्त, 'जी' असलेली थोडी महाग. 'डी' लेन्स या बॉडींवर खट्कन बसते, पण आपोआप फोकस करत नाही, हाताने फिरवत बसा. डी७२००, डी७५०० मध्ये मोटर आहे, तिथे दोन्ही चालतात. फक्त एका अक्षराचा फरक, आणि तो घरी आल्यावर कळतो.

दुसरी फसगत कॅननच्या एम मालिकेची. एम५० वगैरे बॉडी जुन्या बाजारात मोहात पाडणाऱ्या किमतीला दिसतात आणि फोटोही छान काढतात. पण त्यांचं ईएफ-एम हे तोंड २०१२ मध्ये आलं आणि आता कॅननने ती मालिका गुंडाळली आहे. त्यासाठी बनवलेल्या लेन्स नव्या आरएफ बॉडीवर बसत नाहीत. एक लेन्स घेऊन वर्षानुवर्षं तेवढ्यावरच राहणार असाल तर खुशाल घ्या. वाढायचं असेल तर ती गल्ली पुढे बंद आहे.

तिसरी फसगत माझीच. पहिल्या कॅमेऱ्याबरोबर मी 'कॉम्बो' घेतला होता, दोन झूम लेन्स, बॅग आणि ट्रायपॉड. दुकानदार म्हणाला, एवढ्या किमतीत परत मिळणार नाही, आणि ते खरंही होतं. दुसरी लेन्स मी वर्षातून दोनदा लावली असेल. ट्रायपॉडवर सध्या गॅलरीतला कारल्याचा वेल चढवला आहे.

"पण माझा फोन काय वाईट आहे?"

वाईट नाही. भर दुपारी पर्वतीवर, समोर स्थिर माणूस, फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा, तर फोन आणि कॅमेरा यांत फरक ओळखणं अवघड. फोन एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांची बेमालूम सांधेजोड करतो. घोळ होतो तो कमी उजेडात काही हलत असलं की, कारण हलणारी वस्तू त्या प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते आणि सांधा दिसतो. पालखीतले हललेले फोटो इथून येतात. दूरचा पक्षी, रंगमंचावरचा नट, रात्रीचं पथक, यांपैकी काहीच तुम्हाला काढायचं नसेल तर पैसे वाचवा. मी हे अनेकांना सांगितलं आहे आणि त्यांपैकी कुणी ऐकलेलं नाही.

जुना घ्यायचा तर काय तपासायचं?

लग्नाचे फोटो काढणारे लोक बॉडी बदलतात तेव्हा जुन्या विकतात. त्या दणकून वापरलेल्या असतात, पण निगाही ठेवलेली असते. शटर हे हलणारं यंत्र आहे, साध्या बॉडीत ते साधारण एक लाख वेळा चालावं या हिशेबाने बनवतात. किती चाललं ते 'शटर काउंट'वरून कळतं. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, कॅननला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लाखाच्या पुढे गेला म्हणजे उद्या बंद पडणार असं नाही, पण किंमत तशी पडायला हवी.

आपलं स्वतःचं कार्ड घेऊन जा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. लेन्सवर टोपी लावून एक काळा फोटो काढा आणि मोठा करून बघा, चमकणारे ठिपके मोजके असले तर ठीक. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, ती लेन्स परत ठेवा. बॅटरी फुगलेली नाही ना, मूळ बिल आहे का आणि बिलावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का, हे पाहा. नवं घेताना बिलावर भारतातली वॉरंटी आहे का एवढंच विचारा. खूप स्वस्त असेल तर बहुधा नसते.

बुरशी आपल्याकडे जून ते सप्टेंबर धरतेच. कॅमेरा पावसातून आणल्यावर बॅगेत बंद करून कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर माझ्या लेन्स बरीच वर्षं टिकल्या आहेत. पुड्या गुलाबी पडल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करायच्या.

आणि शेवटी हातात धरून बघा

भाचीची करंगळी एका सुबक छोट्या बॉडीखाली लोंबकळत राहिली. तक्त्यात पहिला नंबर तिचाच होता. दुसऱ्यावर तर्जनीने चाक फिरवता येत होतं, डोळा न काढता. मिरवणुकीत मागून धक्के बसत असताना मेनूत शिरायला कुणाला वेळ असतो? ज्या बॉडीची बटणं अंधारात बोटांना सापडतात ती निवडावी, हे मी तिला फोनवर तीनदा सांगितलं होतं. दुकानात पाच मिनिटांत पटलं.

तिने शेवटी २०१५ चं मॉडेल असलेली जुनी निकॉन डी७२०० घेतली आणि तिच्यावर ३५ मिलिमीटर एफ १.८. किट लेन्स घेतलीच नाही. पैसे उरले, त्यातून दुसरी बॅटरी, दोन कार्डं आणि पावसासाठी झिपवाली पिशवी आली. परवा नदीपात्रात पथकाचा सराव होता. रात्री साडेदहाला फोन आला.

"मावशी, टिपरू एकदम स्थिर आलंय. पण सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत."